मिठाचं गाव, तलवारींची कीर्ती

बान्शू-आको स्टेशनातून बाहेर पडून किल्ल्याच्या दिशेने दक्षिणेला चालू लागलं की वाटेत एक जुनी विहीर लागते. शेजारी कंदिलाच्या आकाराचं यांत्रिक घड्याळ आहे. तास भरला की ते उघडतं आणि आत सत्तेचाळीस रोनिनांच्या, म्हणजे धन्याच्या मरणाचा सूड घेणाऱ्या बेवारस सामुरायांच्या, कथेतले प्रसंग एकामागून एक दिसू लागतात. जपानात ही कथा ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. 1701 साली आकोचा तरुण सरदार आसानो नागानोरी याने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, राजवाड्यात किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला पोट फाडून मरण्याची शिक्षा झाली आणि त्याची जहागीर जप्त झाली. ती बातमी घेऊन मेण्यातून निघालेले दोन दूत सुमारे 620 किलोमीटरची वाट साडेचार दिवसांत तोडून पहाटे आकोत पोचले. एरवी या प्रवासाला पंधरवड्याहून अधिक लागे. वाड्यात शिरण्यापूर्वी त्यांनी या विहिरीवर पाणी पिऊन श्वास घेतला, असं गाव सांगतं.

प्रवासी घड्याळाचे फोटो काढतात आणि पुढे जातात. विहिरीत डोकावून पाहणारे थोडे. खरं तर ही विहीर नाहीच. जमिनीखालच्या नळांतून आलेलं नदीचं पाणी साठवण्याचा तो हौद आहे आणि दूत आले त्या पहाटे तो बांधून 85 वर्षं झाली होती.

यंदाच्या अंकाचा विषय ‘मीठ’ ठरला तेव्हा आकोचं नाव पुढे येणं साहजिक होतं. जपानच्या मिठाच्या इतिहासात हे गाव फार वरच्या रांगेत बसतं. गावात फिरताना मात्र ध्यानात येतं की इथलं मीठ, इथलं पिण्याचं पाणी, इथला किल्ला आणि ती जगप्रसिद्ध सूडकथा या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत.

खाऱ्या जमिनीत गोड पाणी

आको ह्योगो प्रांताच्या अगदी पश्चिम टोकाला, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी आहे. चिकुसा नदीने आणलेल्या गाळाने समुद्र हटवत हटवत तयार केलेली ही सपाट जमीन. समुद्रकाठी राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको : अशा जमिनीत कुठेही खणलं तरी पाणी मचूळ लागतं. माणसं राहतील, बाजार भरेल, शिपाई ठेवता येतील, पण प्यायचं काय?

किल्ला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, आको इकेदा घराण्याकडे असताना, तारुमी हान्झाएमोन नावाच्या अधिकाऱ्याने या प्रश्नावर काम सुरू केलं. गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही तिथे, नदीचं पाणी वळवलं. वाटेत खडक आडवा आला तिथे डोंगराच्या पोटातून बोगदा फोडला. गावापर्यंत उघडा पाट आणि गावाच्या वेशीपासून पुढे रस्त्याखालून नळ, अशी रचना केली. 1616 मध्ये हे काम पुरं झालं.

नळ भाजक्या मातीचे होते, लाकडाचे होते, काही जागी बांबूचेही. चौकाचौकात हौद. तिथे गाळ खाली बसायचा आणि निवळ पाणी पुढच्या नळात जायचं. पंप नव्हता, सारा भरवसा उतारावर. सपाट गावात पाणी शेवटच्या घरापर्यंत न्यायचं तर उतार किती बारकाईने राखावा लागला असेल, हे प्लंबिंग करणाऱ्या कोणालाही विचारावं. आणि या योजनेचं मोठेपण असं की पाणी सरदारांच्या वाड्यांपुरतं ठेवलं नाही. गल्लीतल्या दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरापर्यंत फाटे नेले. एदोचा कान्दा पाणीपुरवठा, फुकुयामाचा आणि आकोचा, अशा तीन जुन्या नळयोजना जपानात थोर मानतात. त्यातलं एदो ही शोगुनची, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाची, नगरी होती. आको तर नकाशावर शोधावं लागेल एवढं गाव.

आगरावरचा किल्ला

1645 मध्ये आसानो नागानाओ आकोत आला. सूडकथेतल्या नागानोरीचा हा आजोबा. आल्यावर तीनच वर्षांनी त्याने किल्ल्याचं बांधकाम काढलं आणि 1661 पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, ते चाललं. तेव्हा देशात मोठ्या लढाया संपल्या होत्या. नवा किल्ला बांधायला परवानगी मिळणंच अवघड होतं, म्हणून आकोचा किल्ला त्या काळातला अपवाद ठरतो.

आराखडा कोंदो मासाझुमी या युद्धशास्त्र जाणणाऱ्या कारभाऱ्याचा. नामवंत विचारवंत यामागा सोको त्या वेळी आसानोंच्या पदरी होता. त्याच्या सांगण्यावरून मधल्या तटाच्या दरवाजापाशी फेरबदल झाले. पुढे याच सोकोला एका ग्रंथापायी शोगुनच्या सरकारने एदोतून हद्दपार केलं आणि राहायला नेमकं आकोलाच पाठवलं. किल्ल्याची भिंत चालत पाहावी. ती सरळ अशी जातच नाही, थोडं अंतर गेली की कोन करून वळते, पुन्हा वळते. बंदुकीचा जमाना होता. भिंतीशी आलेल्या शत्रूवर दोन बाजूंनी मारा करता यावा, यासाठी हे कोन. सगळी हुशारी त्या मोडणीत आहे. बालेकिल्ल्यात मनोऱ्यासाठी दगडी जोतं रचलं, पण मनोरा कधीच चढवला नाही. आज त्या रिकाम्या जोत्यावर चढून गाव बघता येतं.

दक्षिणेला एक दरवाजा थेट समुद्रात उघडायचा. होड्या धक्क्याला लागायच्या, भाताची पोती उतरायची. आता त्या दरवाजासमोर जमीनच जमीन आहे. चिकुसाचा गाळ आणि माणसाची भर, दोघांनी मिळून समुद्र दूर ढकलला. पूर्वी किल्ल्याच्या दोन्ही अंगांना जे पसरलं होतं ते मिठागर. आसानोंनी पूर्वेचं आगर वाढवलं. 1706 पासून मोरी घराण्याचा अंमल आला, त्या काळात पश्चिमेचं पसरलं.

काहिलीत शिजणारं मीठ

उरण-पेणच्या खाजणात किंवा भाईंदरला ज्याने मिठागर पाहिलं आहे, त्याने आकोत आल्यावर आपली समजूत थोडी बाजूला ठेवावी. आपल्याकडे खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं आणि उन्हावर सोडायचं. पाणी आटतं, मीठ उरतं. जपानात तेवढं सलग ऊन नाही, हवा दमट, पाऊस कधीही येतो. पाणी नुसतं उन्हावर ठेवून मीठ धरलंच नसतं. म्हणून तिथल्या लोकांनी काम दोन टप्प्यांत तोडलं : आधी उन्हाकडून पाणी होईल तितकं तीव्र करून घ्यायचं, मग आग लावून उरलेलं आटवायचं.

आकोच्या समुद्रकाठच्या उद्यानात मिठाचं संग्रहालय आहे आणि त्याच्या बाहेर जुन्या पद्धतीचं आगर पुन्हा बांधून ठेवलं आहे. तिथे उभं राहिलं की सगळी युक्ती डोळ्यांसमोर उलगडते. समुद्राच्या बाजूला भक्कम बांध. आतली जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आणि ओहोटीच्या पाण्याहून वर, अशा बेताची. बांधाला उघाडी. भरतीला ती उघडायची, की पाणी आपसूक आत येऊन वाफ्यांभोवतीच्या चरांत भरतं. ते उपसावं लागत नाही, डोक्यावरून वाहावं लागत नाही. हेच या पद्धतीचं मोठं यश. त्याआधीच्या आगरांत माणसं समुद्रातून पाणी खांद्यावर आणून वाळूवर शिंपडत. वाफ्यावर बारीक वाळू पसरलेली असते. चरातलं खारं पाणी खालून झिरपत त्या वाळूपर्यंत चढतं, वर ऊन आणि वारा लागतो, पाणी उडून जातं आणि मीठ वाळूच्या कणाकणाला चिकटून राहतं.

यापुढे माणसाचे हाल. दातेरी औजाराने वाळू पुनःपुन्हा उकरायची, म्हणजे ओली वाळू वर येते. हे काम ऐन उन्हात, कारण ऊन नसेल तर कामच नाही. मग वाळू ओढून वाफ्यातल्या मातीच्या हौदांत भरायची. या हौदांचा तळ गाळणीसारखा असतो. वरून समुद्राचं पाणी ओतलं की ते वाळूतलं मीठ धुऊन घेत खाली उतरतं. हे पाणी इतकं कडक खारट की जिभेला लावलं तर चटका बसल्यासारखं वाटतं. उरलेली वाळू पुन्हा वाफ्यावर पसरायची. उद्या पुन्हा तेच.

कडक पाणी जायचं भट्टीच्या खोपटात. रुंद, उथळ काहील, खाली चुलाण. आधी सरपणाला पाइनचं लाकूड होतं. आसपासचे डोंगर त्यापायी उघडे पडले, तेव्हा दगडी कोळसा आला. संग्रहालयात आलेल्यांना हे पाणी छोट्या भांड्यात देऊन आटवायला बसवतात. बराच वेळ नुसतं उकळणं चालू असतं. मग कडेला पांढरी रेघ धरते, उकळीचा आवाज बदलतो, पाणी दाट होऊन फुटू लागतं आणि ढवळणारा हात थांबला की तळ लागतो. शाळेची मुलं हे फार मन लावून करतात. चिमूटभर मिठासाठी आगीशी किती बसावं लागतं, ते त्यांना तिथे कळतं.

मिठाच्या खाली कडवट पाणी निथळतं. त्याचं काय करायचं, यावर आकोचा व्यापार बेतलेला होता. पश्चिमेच्या आगरात ते काढून टाकून स्वच्छ, कोरडं मीठ करत. ते ओसाकाकडे जाई. पूर्वेच्या आगरात कडवट पाणी मिठातच राहू देत. ते ओलसर, जड मीठ एदोला जाई, तिथल्या लोकांना लोणच्या-खारवण्याला तेच लागे. गिऱ्हाइकाची जीभ ओळखून दोन घाटांनी माल काढणारं हे गाव होतं. त्याच्या मिठाला देशभर मान मिळाला तो उगाच नाही.

दहाला सहा

मिठाचा पैसा फिरायला चलन लागतं. आकोच्या आसानोंनी 1680 पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या होत्या. जहागिरीच्या हद्दीत चांदीऐवजी त्या चालत आणि मागितल्यावर चांदी मिळेल, असा सरदाराचा शब्द त्यांच्या पाठीशी असे.

आता ती पहाट पुन्हा आठवावी. सरदार मेला आणि जहागीर गेली, म्हणजे नोटेमागचा शब्द गेला. बातमी बाजारात फुटताच नोटा घेतलेले व्यापारी धावत आले. वाड्यात तेव्हा वेगळाच वाद पेटला होता. तीनशेहून अधिक सामुराय एका दिवसात निराधार झाले होते. किल्ला लढवायचा, की सगळ्यांनी मरायचं, की मुकाट्याने ताबा द्यायचा, यावर बैठका चालल्या होत्या. मुख्य कारभारी ओइशी कुरानोसुके याने आधी निकाली काढला तो नोटांचा प्रश्न. दहाच्या नोटेला सहा, या दराने चांदी देऊन नोटा परत घ्यायचा हुकूम त्याने दिला.

दहाला सहा म्हणजे नुकसानच. पण बुडीत जहागिरीच्या नोटेला काहीही न मिळण्याची भीती होती, त्या मानाने हा दर फार चांगला. बाजारात दंगल झाली नाही. दुसरा एक वडील कारभारी, हिशेब सांभाळणारा ओनो कुरोबेइ, या गोंधळात गाव सोडून पळाला. ओइशी थांबला. उरलेला पैसा त्याने नोकरमाणसांत वाटला, तटबंदी, शस्त्रं, दप्तर सगळ्याची नीट मोजदाद करून ठेवली आणि महिनाभराने शोगुनच्या माणसांच्या हवाली किल्ला केला.

पुढची कथा रंगभूमीने अमर केली. जपानी पंचांगाप्रमाणे 1702 च्या बाराव्या महिन्याच्या 14 तारखेला ओइशी आणि त्याच्या सोबत्यांनी एदोत किराचा वाडा फोडून त्याला मारलं. त्यातल्या 46 जणांना पोट फाडून मरण्याची शिक्षा झाली. त्या रात्रीबद्दल ओइशीला जपानने डोक्यावर घेतलं. ओइशीचा मोठेपणा बघायचा तर त्या चांदीच्या हिशेबात बघावा. हातात सत्ता उरलेली नाही, स्वतःचं पुढे काय होणार ते ठाऊक नाही, आणि तरी दुकानदाराच्या नोटेची किंमत द्यायची हे त्या माणसाने आधी ठरवलं.

घंटा आणि मोची

गावातल्या कागाकुजी मंदिरात आसानो घराण्याच्या आणि रोनिनांच्या समाध्या आहेत. इथल्या घंटेची गोष्ट सांगतात. 46 जणांच्या मरणाची बातमी आली तेव्हा गावकऱ्यांनी दुःखाने ती इतकी बडवली, की पुढे पन्नास वर्षं तिच्यातून नाद निघेना.

दुसरी गोष्ट गाव इतक्या आवडीने सांगत नाही. आसानोंची जहागीर बुडाल्यावर आकोच्या शेतकऱ्यांनी आनंदाने मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, कुटून खाल्ली, असं पुढच्या काळातल्या एका लेखकाने नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कारण होतं करांचा जाच. दोन्ही गोष्टी ऐकीव आहेत. पण आगरात राबणाऱ्याला आणि भात पिकवणाऱ्याला नव्या किल्ल्याचा, नव्या बांधांचा खर्च कोणाच्या पाठीवर पडला हे चांगलं कळत असणार, म्हणून मोचीची गोष्ट खोटी म्हणून टाकून देता येत नाही.

मिठाला सूडकथेत ओढण्याचाही एक प्रकार आहे. किराच्या जहागिरीतही मिठागरं होती, त्याला आकोच्या मिठाचं गुपित हवं होतं आणि ते न दिल्याने वैर वाढलं, असं कादंबऱ्यांत आणि मालिकांत येतं. त्या काळच्या कागदपत्रांत याला आधार नाही. किराच्या स्वतःच्या गावात तर तो आजही बांध घालणारा भला धनी म्हणून ओळखला जातो. 1748 मध्ये ओसाकात कळसूत्री बाहुल्यांच्या रंगमंचावर या सूडकथेवरचं ‘कानादेहोन चूशिंगुरा’ आलं, पुढे काबुकीने ते उचललं आणि खलनायकाचा शिक्का किरावर कायमचा बसला. रोनिनांचा काळा-पांढरा, नागमोडी काठाचा पोशाखही रंगभूमीची देणगी. त्या रात्री सगळ्यांनी असा एकसारखा वेष केलेला नव्हता.

दर वर्षी 14 डिसेंबरला आकोत याच पोशाखात मिरवणूक निघते. 1903 पासूनची ही प्रथा. लहान मुलं सामुराय होऊन चालतात, ओइशीच्या भूमिकेत बहुधा एखादा नामांकित नट असतो. सुमारे 46 हजार वस्तीच्या शहरात त्या दिवशी रस्त्यावर उभं राहायला जागा मिळत नाही.

साकोशीचा धक्का

मीठ पिकलं तरी ते हलवायला जहाजं लागतात. ती मिळाली पूर्वेच्या साकोशी बंदरात, जे आज आको शहराचाच भाग आहे. खाडीच्या तोंडावर इकिशिमा नावाचं गर्द झाडीचं बेट आहे, वारा अडवणारं. बेट पवित्र मानलेलं, त्यावर कोणी कुऱ्हाड चालवली नाही. 1924 मध्ये ते रान राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर झालं. चिकुसा नदीकडून बंदराकडे उतरणारा रस्ता अजून जुन्याच वळणाचा आहे. दोन्ही बाजूंना जाळीच्या लाकडी दर्शनी भिंती, आणि मध्येच 1601 पासून साके गाळणारी पेढी. बंदरापाशी 1830 च्या दशकात बांधलेली गावकचेरी आहे. वरच्या मजल्यावर सरदाराने बसून समुद्र बघायची खोली. खालच्या मजल्यावर गावचा कारभार चाले.

हिवाळ्यात आता इथे लोक येतात ते कालवं खायला. धक्क्याजवळ जाळीवर भाजलेली कालवं, आणि पाण्यात ती वाढवण्याचे तराफे.

आगर गेलं तेव्हा

1905 मध्ये जपान सरकारने मिठाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. रशियाशी युद्ध चाललं होतं, पैसा हवा होता. ही मक्तेदारी 1997 पर्यंत टिकली. मधल्या काळात 1950 च्या दशकात पद्धत बदलली. उतरत्या जमिनीवरून पाणी वाहवायचं आणि बांबूच्या फांद्यांच्या उंच मांडवावरून ते ठिबकवत वाऱ्यावर आटवायचं. वाळू उकरणं संपलं, बरीच माणसंही रिकामी झाली. मग आलं विजेच्या जोरावर पडद्यातून मीठ वेगळं काढण्याचं तंत्र. ते ऊनपाऊस काही बघत नाही. 1971 मध्ये कायदा झाला आणि देशभरची आगरं बंद झाली. आकोचीही.

जुन्या आगरांवर आज कारखाने आहेत, घरं आहेत, उद्यान आहे. मिठाचा धंदा मात्र गाव सोडून गेला नाही. आकोचं नाव लावलेलं मीठ जपानभर दुकानात मिळतं. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रकाराच्या पाकिटावर मूळ माल ऑस्ट्रेलियाचं उन्हात वाळवलेलं मीठ असल्याचं लिहिलेलं असतं. त्यात कडवट द्रव पुन्हा मिसळून जुनी चव आणतात. यात लपवाछपवी नाही. आकोकडे आगर उरलं नाही. मिठाला काय चव असावी, ही जाण उरली.

किल्ल्याचीही तीच दशा झाली होती. 1870 च्या दशकात इमारती पाडल्या. 1928 पासून बालेकिल्ल्यातच शाळा भरू लागली. पिढ्यान्‌पिढ्या मुलं सरदाराच्या महालाच्या जागेवर बसून शिकली. ती शाळा 1981 मध्ये बाहेर हलवली, मग उत्खनन झालं. महाल पुन्हा उभा केला नाही, हे फार चांगलं झालं. खोल्यांचा आराखडा जमिनीवर आखून दाखवला आहे, कुठे ओटी, कुठे मुदपाकखाना, ते चालत बघता येतं. शेजारी बाग आणि तळं पूर्ववत केलं आहे. त्या तळ्यात पाणी यायचं ते त्याच 1616 च्या नळांतून.

आकोला जायचं तर हिमेजीहून रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. बहुतेक प्रवासी हिमेजीचा पांढरा किल्ला पाहून माघारी फिरतात, तसं करू नये. 14 डिसेंबर टाळून जावं, किल्ल्याला दुपार द्यावी, पण सकाळ मिठाच्या संग्रहालयासाठी राखून ठेवावी आणि भट्टीशी बसून स्वतःचं चिमूटभर मीठ करून यावं.